लहान चाकांचा लांब रस्ता



सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, कालिना, गोळीबार या भागांत राहणाऱ्या माणसाला विमानाचे नवल नाही. आवाज आला की बोलणे थांबवायचे आणि विमान गेले की पुढे बोलायचे, ही इथली सवयच आहे. पण त्या विमानात बसून कोठे जाऊन आलेली माणसे आपल्या वस्त्यांत थोडीच. आपल्या आया-बहिणींचा प्रवास तर घर ते काम, काम ते बाजार, वर्षातून एकदा गाव आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी, एवढ्यातच संपतो. लांबचा प्रवास हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असे आपण धरून चाललो आहोत. हा समज खरा नाही. दारात उभ्या असलेल्या साध्या स्कूटरवरून माणसे किती लांब गेली आहेत, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे या लेखात सांगायचे आहे.

विमानाच्या कारखान्यातली स्कूटर

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पियाज्जो कंपनीचा पोन्तेदेरा येथील विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमाने कोण घेणार? लोकांना कामावर जाण्यासाठी स्वस्त वाहन हवे होते. कोरादीनो दास्कानियो या विमाने बनवणाऱ्या अभियंत्याने १९४६ साली एक स्कूटर तयार केली. तिचे नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. विमानाच्या चाकाप्रमाणे त्याने पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. त्यामुळे पंक्चर झाले की मोटारीसारखे चाक काढून दुसरे लावता येऊ लागले. इंजिन थेट मागच्या चाकाजवळ नेऊन साखळी काढून टाकली. कपड्यांना तेल लागू नये म्हणून वर पत्र्याचे झाकण घातले आणि पाय ठेवायला पुढे सपाट जागा दिली. म्हणजे ही स्कूटर मुळातच कामावर जाणाऱ्या माणसासाठी जन्मली.

हीच व्हेस्पा बजाज कंपनीने परवाना घेऊन भारतात बनवली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ पासून कंपनीची स्वतःची ‘चेतक’ आली. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ती देशभर गेली. तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रेल्वे, बेस्ट, महापालिका, पोस्ट येथे नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी माणसांनी पतपेढीचे कर्ज काढून ती घेतली. पुढे उभे राहिलेले मूल, मध्ये वडील, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर तान्हे, हे चित्र आपल्यापैकी कोणाला परके आहे? पेट्रोलवर चालणारी ती चेतक बनायची बंद होऊन बरीच वर्षे झाली. आज त्याच नावाची स्कूटर येते ती विजेवरची.

मोटारसायकलवाले मात्र अशा स्कूटरला हसतात. चाके इवलीशी, इंजिन एका बाजूला, घाटात दम लागतो. बाजारहाटाला ठीक, लांबच्या रस्त्याला नाही, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे दोन माणसांनी खोटे ठरवले.

रोमहून सायगावला

पहिला इटलीचा ज्योर्जो बेत्तिनेल्ली. हा पेशाने गायक. १९९२ साली तो व्हेस्पा घेऊन रोमहून निघाला आणि १९९३ मध्ये व्हिएतनाममधील सायगावला पोहोचला. हे अंतर सुमारे २४ हजार किलोमीटर. त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या टोकावरील अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत आणि पुढे ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपासून आफ्रिकेतील केपटाऊनपर्यंत तो स्कूटरवरूनच फिरला. २००८ साली चीनमध्ये त्याचे निधन झाले. तोपर्यंत त्याने दोन लाखांहून अधिक किलोमीटर कापले होते.

हे कसे साधले? वेगाने नव्हे. स्कूटर सावकाश चालते, म्हणून ती रोज थोडे थोडे अंतर कापते. तिचे यंत्र साधे असते, म्हणून रस्त्याकडेचा कोणताही मिस्त्री ते उघडू शकतो. आणि स्कूटरवरून आलेल्या माणसाला पाहून कोणी दबत नाही. लोक जवळ येतात, पाणी देतात, विचारपूस करतात. आम्हाला वाटते, साध्या वाहनाचा हाच मोठा फायदा आहे.

म्हैसूरची आई

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकातले आहे आणि ते मनाला अधिक भिडणारे आहे. म्हैसूरचे डी. कृष्णकुमार बेंगळुरूला नोकरी करत होते. वडील वारल्यावर एकदा त्यांनी आई चूडारत्ना यांना विचारले, अमुक ठिकाण पाहिले आहे का, तमुक पाहिले आहे का? आई म्हणाल्या, लांबचे सोडा, जवळचे बेलूर-हळेबीडही पाहिलेले नाही. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता सारे आयुष्य गेले होते. मुलाने नोकरी सोडली. वडिलांनी २००१ साली घेऊन दिलेली बजाज चेतक बाहेर काढली. १६ जानेवारी २०१८ रोजी सत्तरीच्या आसपासच्या आईला मागे बसवून ते निघाले. भारतभर फिरून नेपाळ, भूतान आणि म्यानमारही त्यांनी पाहिले. कोरोनाच्या टाळेबंदीत भूतानच्या सीमेजवळ अडकून पडावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये मायलेक म्हैसूरला परतले, तेव्हा सुमारे ५६ हजार किलोमीटरचा प्रवास झाला होता.

त्यांचा मार्ग देवळांचा होता, आपला तो नाही. वर्तमानपत्रांनी मुलाला श्रावणबाळ म्हटले, तेही आम्हाला पटत नाही. त्यात सारे कौतुक मुलाचे होते आणि आई कावडीतले ओझे ठरते. आम्हाला मोठी वाटते ती आई. सत्तरीच्या वयात पाठीमागच्या सीटवर बसून ऊन, पाऊस, थंडी सोसत तिने आपला देश डोळ्यांनी पाहिला. तिला इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते, एवढेच.

गाडी आणि आपण

आता कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न असताना हा प्रवासाचा विषय कशाला? त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे.

१९०१ सालची गोष्ट. बालक भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे सुट्टीत साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. मुलांचे कपडे चांगले होते. पण जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि दुप्पट भाडे देऊनही कोणी बैलगाडीवाला त्यांना नेईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

१९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. १९३४ साली सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावरील हौदावर हातपाय धुतले, तर तेथेही लोक अंगावर धावून आले. या आठवणी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केल्या.

आपल्या घरातली स्कूटर या इतिहासाच्या उजेडात पाहा. तिची किल्ली आपल्या खिशात आहे. तिच्यावर कोण बसणार आणि ती कोठे जाणार, हे दुसरा कोणी ठरवत नाही. आणि ही गोष्ट सगळीकडे सहज झाली आहे असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतील शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर शस्त्राने वार झाले. तो बुलेट चालवतो हे सहन न झाल्याने हल्ला झाला, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या माणसाने स्वतःच्या गाडीवरून ताठ मानेने लांबचा रस्ता कापणे ही नुसती मौज नव्हे.

सांताक्रूझ ते दीक्षाभूमी

मग जायचे कोठे? आमच्या मनात एक रस्ता आहे. वाकोल्याहून निघावे, लिंक रोडने पूर्व द्रुतगती मार्गाला लागावे आणि ठाणे, शहापूर, कसारा घाट करत नाशिक गाठावे. हे अंतर साधारण १६५ किलोमीटर. नाशिक जवळ आले की महामार्गालगतच्या डोंगरात त्रिरश्मी लेणी दिसतात. तेथील तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने भिक्खूंना दान दिले. आईच्या नावाचा तो शिलालेख आपल्या आईला जरूर दाखवावा. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी येवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच भूमीवर. तेथून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. नागसेनवनात १९५० साली सुरू झालेले बाबासाहेबांचे महाविद्यालय पाहावे. दौलताबादवरून वेरूळला जावे, मग अजिंठा. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, त्याप्रमाणे दिवस ठरवावेत. पुढे बुलढाणा, खामगाव, अकोला, अमरावती आणि शेवटी नागपूर. सगळे मिळून साधारण नऊशे किलोमीटर. येवल्याच्या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेपर्यंतची एकवीस वर्षे आपण पाच-सहा दिवसांत डोळ्यांखालून घालतो.

कोणी सांगेल, समृद्धी महामार्ग झाला आहे ना! झाला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू येथेही दुचाकीला मज्जाव आहे. कारण सुरक्षिततेचे सांगतात आणि वेग पाहता ते अगदीच खोटे नाही. पण कामगाराच्या वाहनाला नवीन रस्त्यांवर जागा का ठेवली जात नाही, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. तूर्त जुना रस्ता आपला आहे, आणि येवल्याच्या गावातून जातो तोही जुनाच रस्ता.

निघण्यापूर्वी

गाडी जुनी असेल तर आधी आरटीओतील नोंदणी, विमा आणि पीयूसी पाहून घ्यावे. मिस्त्रीकडून ब्रेक, टायर आणि सर्व वायरी तपासून घ्याव्यात. सोबत क्लचची वायर, प्लग, ट्यूब, बल्ब आणि पाने-पकड ठेवावी. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचा डबा विसरू नये. स्टेपनीत हवा आहे की नाही हे बहुतेक जण पाहत नाहीत, ते पाहावे. दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर पुरेत. दर तासाला थांबावे, इंजिनालाही विसावा मिळतो आणि आईच्या कमरेलाही. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. लांबच्या प्रवासात दोघेच बसावे. मुले पुढे उभी करून महामार्गावर जाणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. हेल्मेट दोघांनाही हवे. आईसाठी घेतले नाही, असे होता कामा नये.

आणखी एक. हा प्रवास मुलानेच घडवावा असे कोठे आहे? आज आपल्या वस्तीतील कितीतरी मुली बिनगिअरच्या स्कूटरवरून कामाला आणि कॉलेजला जातात. आईला मागे बसवून मुलीने दीक्षाभूमीला न्यावे, यासारखी आनंदाची गोष्ट नाही. नागपूर लांब वाटत असेल तर आधी महाडचे चवदार तळे करावे. तेही नको वाटले तर एका रविवारी बोरिवलीची कान्हेरी लेणी.

तथागत ४५ वर्षे गावोगाव पायी फिरले आणि बहुजनांच्या हितासाठी चारिका करावी असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. फिरणे, पाहणे आणि विचारणे हा आपल्या धम्माचाच संस्कार आहे. तेव्हा आज रात्री जेवणे झाली की आईला एवढेच विचारावे, तू काय काय पाहिले आहेस? उत्तर फार लांबणार नाही. मग दोघांनी मिळून नकाशा उघडावा. जी कुटुंबे जाऊन येतील त्यांनी चार ओळी आमच्याकडे जरूर लिहून पाठवाव्यात. रस्ता कसा होता, मुक्काम कोठे मिळाला आणि गाडीने कोठे त्रास दिला, हे पुढच्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल.

जयभीम!