दिवसाला दोन हजार गिऱ्हाइकं

गोबरा मासा तुम्ही बाजारात पाहिला असेल. इंग्रजीत त्याला ग्रूपर म्हणतात. समुद्रात तो शिकारी असतो: मोठ्या गोबऱ्याने जबडा उघडला की समोरचा लहान मासा पाण्याबरोबर ओढला जाऊन थेट पोटात पोचतो. प्रवाळांच्या एखाद्या ठरावीक कोपऱ्यावर मात्र हाच गोबरा तोंडाचा आ वासून, कल्ले फाकवून, गपगार उभा राहतो. बोटाएवढा एक निळा-काळा मासा खुशाल त्याच्या तोंडात शिरतो. दातांच्या कडेने फिरतो, टाळूला टोचे मारतो, कल्ल्यातून डोकावून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. गोबऱ्याला निघायचं झालं की तो जबडा थोडासाच मिटतो आणि अंगाला एक झटका देतो. ही आतल्याला सूचना. आतला बाहेर पडला की मगच जबडा पूर्ण मिटतो.

या छोट्या माशाला क्लीनर रॅस म्हणतात. आपण सफाई मासा म्हणू. त्याचं शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. लांबी साधारण दहा सेंटिमीटर, फार तर चौदा. तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, मागे मागे रुंद होत गेलेला, आणि भोवती चमकदार निळा रंग. पिल्लं जवळजवळ काळी असतात, त्यांच्या पाठीवर निळी रेघ तेवढी झळकते. लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत, जिथे प्रवाळ आहेत तिथे हा सापडतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर तो राहतो.

त्याचं काम आहे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणं. त्यांत मुख्य म्हणजे नॅथिड नावाचे जीव. खेकडे-कोळंब्यांचे हे लांबचे नातलग, आकाराने दोन-तीन मिलिमीटर. त्यांची पिल्लं माशाच्या अंगाला चिकटून रक्त पितात, टम्म फुगतात आणि मग गळून पडतात. माशाला हात नाहीत, खाजवायची सोय नाही. खडकावर अंग घासता येतं, पण तोंडाच्या आत आणि कल्ल्यांच्या पाकळ्यांमध्ये काय घासणार?

म्हणून सगळे सफाई माशाकडे येतात. तो प्रवाळाचा एखादा उंचवटा धरून बसतो आणि शेपटीचा भाग वर-खाली हलवत नाचल्यासारखा पोहतो. समोर गिऱ्हाइकं थांबलेली असतात. कुणी डोकं खाली करून उभं राहतं, कुणी पंख ताणून धरतं, काही मासे तर अंगाचा रंगच बदलतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटापाशी अलेक्झांड्रा ग्रटर या शास्त्रज्ञ बाईंनी पाण्याखाली बसून या माशांचा दिवसभराचा हिशेब मांडला. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. एक सफाई मासा दिवसात सुमारे २३०० वेळा कुणा ना कुणाची तपासणी करतो आणि सुमारे १२०० परजीवी खातो!

एवढ्याने गिऱ्हाइकांचं खरंच भलं होतं का, ही शंका बरीच वर्षं होती. ग्रटरबाईंनी त्यासाठी सोपी पण चिकाटीची युक्ती केली. काही छोट्या प्रवाळखडकांवरचे सगळे सफाई मासे उचलून दुसरीकडे नेले, शेजारचे खडक तसेच ठेवले. नवे सफाई मासे येऊन बसले की त्यांनाही हलवायचं. असं वर्षानुवर्षं. साडेआठ वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा सफाई मासे नसलेल्या खडकांवर तिथेच राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जाती २३ टक्क्यांनी कमी भरल्या. दहा सेंटिमीटरचा एक जीव गेला आणि सगळी वस्ती विरळ झाली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, किती गुणी मासा! थांबा. याला परजीवी मनापासून आवडत नाहीत. आवडतो तो माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. तो जास्त पौष्टिक असतो. पण तो थर माशाच्या कातडीचं रक्षण करतो, त्यामुळे तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं, अंग झटकतं. संशोधक हे झटके मोजतात आणि सफाई माशाने किती वेळा लबाडी केली ते ठरवतात. म्हणजे दिवसभर या माशापुढे एकच प्रश्न असतो: मुकाट्याने परजीवी खायचे, की पटकन एक लचका मारायचा?

उत्तर गिऱ्हाईक बघून ठरतं. रेडुआन बशारी हे शास्त्रज्ञ यासाठी लाल समुद्रात, इजिप्तच्या रास मोहम्मदपाशी, कितीतरी काळ पाण्याखाली होते. त्यांना दिसलं ते असं. काही माशांचं घर एवढं लहान असतं की त्यांच्या हद्दीत एकच सफाई मासा असतो. गावात एकच दुकान असलं की दुकानदार कसा आपल्याला उभं ठेवतो आणि पाहुण्याला आधी विचारतो, तसं या घरच्या गिऱ्हाइकांना ताटकळावं लागतं. लांबवर हिंडणारे मासे आले की त्यांचा नंबर आधी, कारण त्यांना थांबवलं तर ते सरळ दुसऱ्या सफाई माशाकडे जातात. लचका मारला तरी तेच. घरच्यांना दुसरीकडे जाता येत नाही, मग ते काय करतात? पाठलाग करतात. दणकून पाठलाग झाला की पुढच्या वेळी सफाई मासा जपून वागतो. आणि गोबऱ्यासारख्या शिकारी माशाशी लबाडी जवळजवळ नाहीच. कारण सांगायला नको.

चूक झाल्यावर गिऱ्हाइकाला खूष करायचा उपायही त्याच्याकडे आहे. तो त्याच्या पाठीवर स्वार होतो आणि पोटाखालच्या पंखांनी भराभर चोळून देतो. हे चोळणं माशांना खरोखर आवडतं. प्रयोगशाळेत सर्जनफिश जातीच्या माशांना हलणारा नकली सफाई मासा दिला, तर ते त्याला अंग घासत राहिले आणि त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, खाली आलं.

रांगेतले मासेही नुसते उभे नसतात. आधीच्या माशाने अंग झटकलं की ते बघतात आणि निघून जातात. २००६ साली ग्रटर आणि बशारी यांनी प्रयोगांतून दाखवलं की बघणारं कुणी असलं तर सफाई मासा जास्त सचोटीने वागतो. माणसांनाही हे लागू आहे, पण तो विषय विज्ञानाच्या पानावर नको.

आता प्रयोगशाळेतल्या ताटल्या. पारदर्शक प्लास्टिकच्या ताटलीवर दोन पदार्थ ठेवायचे: माशांसाठी मिळणारं कोरडं खाद्य आणि कोळंबी. कोळंबी अर्थातच जास्त आवडीची. नियम असा की कोळंबीला तोंड लावलं रे लावलं की ताटली उचलायची. जास्त खायला हवं तर आधी नावडतं संपवायचं. सफाई मासे हे शिकतात! तुमच्या ताटातली कारल्याची भाजी आठवा.

दुसरा प्रयोग याहून अवघड. दोन वेगळ्या रंगांच्या ताटल्या, दोन्हींवर सारखंच खाणं. एक ताटली जागेवरच राहते. दुसरी मात्र, तुम्ही आधी पहिलीकडे गेलात तर, लगेच उचलली जाते. म्हणजे आधी जाणाऱ्या ताटलीकडे जायचं आणि मग राहणारीकडे, की दोन्ही मिळतात. समुद्रात हेच असतं ना? पाहुणं गिऱ्हाईक आधी, घरचं नंतर. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मोठे सफाई मासे हे गणित पटकन शिकले. कॅपुचिन माकडांना आणि ओरांगउटानांना जमेना, चिंपांझींपैकीही काहींनाच जमलं. एका संशोधकाने आपल्या चार वर्षांच्या मुलीसमोरही चॉकलेटच्या गोळ्या ठेवून हाच खेळ मांडला. तिलाही नियम काही सापडला नाही.

म्हणून मासा चिंपांझीपेक्षा हुशार, असं कुणी मथळा देईल तर तो वाचू नका. सफाई माशाच्या पिल्लांनाही हा प्रयोग नीट जमला नव्हता. मोठ्यांना जमला, कारण त्यांनी तो समुद्रात रोज हजारदा केलेला असतो. चिंपांझीच्या जंगलात निघून जाणारं फळ नसतं.

या माशाचं घरही बघण्यासारखं आहे. एक नर आणि त्याच्या हद्दीत चार-सहा माद्या. पुष्कळदा नर-मादी जोडीने मोठ्या गिऱ्हाइकाची सफाई करतात, आणि मादीने लचका मारून ते पळवलं की दोघांचं नुकसान होतं. मग नर तिच्या मागे धावतो. ताटलीच्या प्रयोगातही हेच दिसलं: मादीने कोळंबी खाऊन ताटली घालवली की नर तिला पिटाळतो आणि पुढच्या खेपेला ती बेताने खाते. नर सगळ्यांवर सारखाच चिडत नाही, हे विशेष. मादी त्याच्या अंगाएवढी होत आलेली असेल, तर तिच्यावर जास्त.

त्याला तसं कारण आहे. सगळे सफाई मासे आधी माद्या असतात. डी. रॉस रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन बेटापाशी हे तपासलं आणि १९७२ साली मांडलं. नर मेला की घरातली सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, हद्दीवर गस्त घालते, इतरांना दटावते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात आणि ती पूर्ण नर होते. वेळेआधीच अंगाने मोठी झालेली मादी म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी. आपण केवढे आणि समोरचा केवढा, याला या घरात भलतंच महत्त्व आहे.

आता आरसा. १९७० साली गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर एक चाचणी केली होती. प्राण्याला नकळत त्याच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका द्यायचा आणि आरसा दाखवायचा. त्याने हात लावून स्वतःच्या चेहऱ्यावरचा ठिपका चाचपला, तर आरशातला ‘तो’ म्हणजे ‘मी’, हे त्याला कळलं असं धरायचं. जपानमधल्या ओसाकाच्या मासानोरी कोहदा यांनी सफाई माशालाच आरसा दाखवला. आधी मासे आरशातल्या माशावर तुटून पडले. मग काही दिवसांनी चाळे सुरू झाले: आरशासमोर येऊन उलटं पोहणं वगैरे. मग नुसतं बघत राहणं. त्यानंतर त्यांच्या गळ्याच्या कातडीखाली परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका दिला, जो आरशाशिवाय त्यांना दिसू शकत नाही. माशांनी आरशात पाहिलं आणि जाऊन गळा तळाशी घासला. आरसा नसताना घासला नाही. २०१९ मध्ये हे छापून आलं तेव्हा चारांपैकी तीनच मासे उत्तीर्ण होते आणि गॅलप यांच्यासह अनेकांना ते पटलं नाही. २०२२ मध्ये कोहदांनी नवे चौदा मासे घेतले. चौदाच्या चौदा गळा घासून आले. निळा किंवा हिरवा ठिपका दिला तर मात्र कुणी लक्ष दिलं नाही. तसा परजीवी नसतोच.

मला स्वतःला आरशापेक्षा ताटल्यांचे प्रयोग जास्त भरवशाचे वाटतात. ‘मी’ म्हणजे काय, हे माशाच्या बाबतीत ठरवायचं कसं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही आणि भांडण बरंच चालणार आहे. पण याच ओसाकाच्या गटाने २०२४ मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडला. माशांना त्यांच्यापेक्षा दहा टक्के मोठ्या आणि दहा टक्के लहान सफाई माशांची छायाचित्रं दाखवली. आरसा कधीच न पाहिलेले मासे सगळ्याच छायाचित्रांवर धावून गेले. आरशात स्वतःला पाहिलेल्यांनी मोठ्या माशाच्या वाटेला जाणं कमी केलं. आणि टाकीत आरसा असेल, तर मोठ्याचं छायाचित्र दिसल्यावर ते आधी आरशापुढे जाऊन आपली लांबी बघून येत होते.