अडीच मिनिटांसाठी अख्खा दिवस

पॉल मोरियाचा कामाचा एक दिवस इथे मांडतो आहे. साल १९६७, गाव पॅरिस. तारीख कुठलीही धरा. या फ्रेंच वाद्यवृंद-संचालकाने रेकॉर्डिंगचे असे दिवस शेकड्यांनी काढले आणि त्या धंद्यात सगळ्या दिवसांची घडी सारखीच असते. लोकांना तो आठवतो तो वादकांपुढे उभा राहून हात हलवताना. माझ्या मते दिवसभरातलं ते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात लहान काम.

सकाळी ८. टेबल, पेन्सिल, खोडरबर आणि आडव्या रेघांचा भला मोठा कागद. वरच्या ओळी बासरी-ओबोसारख्या वाद्यांच्या, त्याखाली हॉर्न आणि ट्रंपेट, मग ड्रम, गिटार, कळफलकाची वाद्यं आणि सगळ्यात खाली व्हायोलिनपासून बासपर्यंतची तंतुवाद्यं. पुढ्यात चाल आहे आंद्रे पॉपची. पिएर कूरने तिच्यावर फ्रेंच शब्द लिहिलेत आणि गाण्याचं नाव आहे ‘लामूर ए ब्लो’, म्हणजे प्रेम निळं आहे. एप्रिलमध्ये व्हिएन्नात झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत विकी लेआंद्रोस या सतरा वर्षांच्या मुलीने ते लक्झेंबर्गतर्फे गायलं आणि चौथा नंबर आला. चौथ्या नंबराचं गाणं महिन्याभरात लोक विसरतात.

मोरियापुढचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. त्याच्या रेकॉर्डमध्ये गायिका नसणार आणि शब्दही नसणार. गाण्यात दुसरं कडवं आलं की शब्द बदलतात, म्हणून तीच चाल आपण पुन्हा आनंदाने ऐकतो. शब्द काढून घेतले की दुसऱ्या फेरीला कान कंटाळतो. मग दर फेरीला चालीला नवा पोशाख द्यावा लागतो. कुठे एकटं वाद्य, कुठे व्हायोलिनचा ताफा, मुख्य सुराच्या पाठीमागून येणारी हॉर्नची उलटी ओळ. ही चाल मायनरमध्ये सुरू होते आणि मध्येच मेजरमध्ये उघडते, खिडकीचं दार लोटावं तशी. त्या जागी नेमकं कोणी वाजवायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे ठरवण्यातच अर्धी सकाळ जाऊ शकते. संयोजकाचं खरं कसब लिहिण्यात जेवढं असतं, तेवढंच कुठे काही लिहायचं नाही हे ओळखण्यात असतं.

या गाण्यात त्याने पुढे आणलं हार्पसीकॉर्ड. पियानोच्या आधीचं वाद्य. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते. हार्पसीकॉर्डमध्ये पट्टी दाबली की सतारीवर नखीने छेडावी तशी एक बारीक काडी तार छेडून जाते. बोट हलकं टाका की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. मोठ्या सभागृहात वीसेक व्हायोलिन वाजत असताना त्या वाद्याचं काय होणार? बुडणार. स्टुडिओत मात्र मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ धरता येतो आणि किती ऐकू यायला हवं ते बटणावर ठरतं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं दरबारी वाद्य, त्याच्या खाली विसाव्या शतकातले ड्रम आणि दोन्ही वाद्यं कानापासून सारख्याच अंतरावर. हा आवाज मायक्रोफोनशिवाय जन्मालाच आला नसता. मला यातला धीटपणा फार आवडतो.

११ वाजता कागद कॉपी करणाऱ्यांकडे जातो. प्रत्येक वादकापुढे त्याचा एकट्याचा पार्ट लागतो, म्हणून मोठ्या कागदातली एकेक ओळ हाताने वेगळी उतरवायची. काम कंटाळवाणं, पण चुकलं तर महागात पडणारं. फ्रेंच हॉर्नचा सूर कागदावर पंचमाने वर लिहावा लागतो, कारण लिहिल्यापेक्षा तो तेवढाच खाली वाजतो. ट्रंपेटचा हिशेब निराळा. व्हायोला तर वेगळ्याच क्लेफमध्ये वाचतात. एक कोमल-तीव्राची खूण राहिली तर स्टुडिओत तीस माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहतात आणि मीटर चालू असतो.

आपल्याकडेही वाद्यांच्या ओळी लिहिण्याचं हे काम करणारी माणसं होती. मुंबईच्या सिनेसंगीतात सबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस हे मूळचे गोव्याचे अरेंजर, पुढे अनिल मोहिले. गाणं म्हटलं की आपण गायक सांगतो, फार तर संगीतकार. व्हायोलिनच्या ज्या ओळीवर आपला जीव जडलेला असतो, ती कागदावर कोणी उतरवली हे विचारत नाही. विचारायला हवं.

दुपारी साडेबारा, जेवणाची वेळ. तेवढ्यात मोरिया हा माणूस कुठून आला ते सांगतो. जन्म मार्सेचा, ४ मार्च १९२५. वडील टपाल खात्यात आणि संगीताचे वेडे. घरातच सूर कानावर पडले. दहाव्या वर्षी मार्सेच्या कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये दाखल झाला. शिक्षण शास्त्रीय, पण पुढे जॅझने झपाटला आणि महायुद्धाच्या काळात, विशीही गाठली नव्हती तेव्हा, स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवत होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीला पॅरिसला आला तो दुसऱ्यांच्या गाण्यांना साज चढवायला. गायक शार्ल अझनावूरची ‘ला मामा’ आणि ‘ला बोएम’ ही गाणी आज जशी ऐकू येतात, तो साज मोरियाचा. वाद्यवृंद-संचालक फ्रँक पूर्सेलबरोबर त्याने ‘शारियो’ नावाची चाल टोपणनावाने केली. इंग्रजीत ती ‘आय विल फॉलो हिम’ झाली आणि १९६३ साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेली. ‘सिस्टर अ‍ॅक्ट’ चित्रपटात जोगिणी टाळ्या वाजवत गातात, तीच ही. गायिका मिरेई मात्यूच्या ‘मों क्रेदो’ची चालही त्याचीच. आपल्या नावाचा मोठा वाद्यवृंद त्याने काढला तो १९६५ मध्ये, चाळिशीत. तोवर तो पडद्यामागेच होता.

दुपारी २. स्टुडिओ. ओबोवाला एक लांब सूर धरतो आणि बाकीचे आपापल्या तारा त्याला मिळवतात. पाचेक मिनिटं नुसता कल्लोळ असतो, मग एकदम शांतता. यातले बहुतेक वादक समोरचा पार्ट आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असतात. घरी नेऊन सराव करायची चैन या धंद्यात नाही. एकदा वाचून काढायचं, संचालक दोन-तीन जागा सांगतो, लाल दिवा लागतो, टेक. तीन तासांच्या बैठकीत तीन-चार गाणी उरकावी लागतात. म्हणजे एका गाण्याला फार तर तासभर मिळतो.

इथे सकाळचा कागद कसाला लागतो. संचालकाला लांबलचक समजावून सांगावं लागलं, तर समजावं की कागदावर काहीतरी राहून गेलंय. नीट लिहिलेलं असेल तर हाताने फक्त लय दाखवायची, व्हायोलिनना श्वास घ्यायची जागा द्यायची आणि शेवटचा सूर किती लांबवायचा ते सांगायचं.

५ वाजता काचेपलीकडे, मिक्सिंगच्या टेबलाशी टेक ऐकायचा. हार्पसीकॉर्ड थोडं पुढे आणायचं, ड्रम थोडे मागे सरकवायचे. एवढ्या दिवसाच्या कष्टातून हाती येतात अडीच मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

संध्याकाळी ७ नंतर पुन्हा टेबल, पुन्हा कागद, कारण एका एल.पी.ला दहा-बारा गाणी लागतात. ज्या एल.पी.वर हे गाणं आहे त्या ‘ब्लूमिंग हिट्स’वर बीटल्सचं ‘पेनी लेन’ही आहे आणि त्या वर्षी युरोव्हिजन जिंकणारं ‘पपेट ऑन अ स्ट्रिंग’ही आहे. पहिला नंबर आणि चौथा नंबर एकाच तबकडीवर. पहिल्या नंबराच्या गाण्याला वाद्यवृंदाची गरजच नव्हती, ते आधीच सगळीकडे वाजत होतं. मिनियापोलिसच्या एका रेडिओ निवेदकाने उचललं ते चौथं. १० फेब्रुवारी १९६८ रोजी ते ‘लव्ह इज ब्लू’ या इंग्रजी नावाने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सगळ्यात वर पोहोचलं आणि ५ आठवडे तिथे राहिलं. गायक नाही, शब्द नाही. एल.पी.सुद्धा पहिल्या नंबरावर गेली.

त्यानंतर दिवस बदलले. १९६९ मध्ये तो पहिल्यांदा जपानला गेला आणि मग जवळजवळ दरवर्षी जात राहिला. दौऱ्यावरच्या दिवसाची सकाळ गाडीत जाई, दुपार नव्या सभागृहात आवाज जुळवण्यात आणि रात्री कार्यक्रम. आयुष्यातला शेवटचा कार्यक्रम त्याने केला तोही जपानमध्येच, ओसाकात, १९९८ साली. ३ नोव्हेंबर २००६ रोजी पेर्पिन्याँ इथे तो गेला.

या संगीताला ‘इझी लिसनिंग’ म्हणतात, ऐकायला सोपं. हॉटेलच्या लॉबीत आणि विमानतळावर ते इतकं वाजलं की त्याच्याकडे कोणी कान देईनासं झालं. तुम्ही एकदा द्या. रात्री घर शांत झालं की ‘लव्ह इज ब्लू’ लावा. पहिल्यांदा चाल ऐका, ती तुम्हाला येतच असेल. दुसऱ्यांदा चाल सोडून द्या आणि तिच्या खाली काय चाललंय तेवढंच ऐका. मग तबकडीच्या लेबलचं एखादं चित्र शोधून पाहा. पॉप आणि कूर ही नावं बारीक अक्षरांत आहेत. मोठ्या अक्षरांत नाव आहे ते ज्याने साज चढवला त्याचं.