नगरातील ‘दाटी’ : एक शब्द, दोन राशी

मोठ्या नगरांतील गृहसमस्येची चर्चा करताना ‘दाटी’ हा शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी योजला जातो. एक म्हणजे बांधकामाची दाटी, अर्थात एखाद्या भूखंडावर एकूण किती मजलाक्षेत्र उभे आहे. दुसरी निवासाची दाटी, अर्थात एका खोलीत किती माणसे राहतात. पहिली रोखली की दुसरी आपोआप रोखली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईचे उदाहरण घेतल्यास तो टिकत नाही.

बांधकामाची दाटी मोजण्याचे माप म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. सर्व मजल्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाचे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी जे प्रमाण पडते, त्यास ही संज्ञा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत निवासी बांधकामासाठी तो मूळ शहरात सामान्यतः १.३३ व उपनगरांत १ असा होता. लोकवस्ती आवरावी आणि पाणीपुरवठा, मलनिस्सारण व रस्ते यांवरील भार मर्यादित राहावा, ही त्यामागील भूमिका.

तथापि निर्देशांक मजलाक्षेत्र मोजतो, माणसे नव्हे. १,००० चौरस मीटरांच्या भूखंडावर १.३३ या प्रमाणाने १,३३० चौरस मीटर मजलाक्षेत्र मिळते. दरडोई १० चौरस मीटर धरल्यास तेथे १३३ माणसांची सोय होते. उपजीविकेच्या ओढीने २६६ माणसे तेथे राहू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ चौरस मीटरच येतात. नियम पाळला जातो आणि दाटी मात्र दुप्पट होते. ज्यांना तेवढीही जागा परवडत नाही, ते झोपडपट्टीचा आश्रय घेतात. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते.

हा दोष एकट्या निर्देशांकाचा नव्हे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठविली. परिणामी भाड्यासाठी चाळी बांधण्याचा व्यवसाय आटला व जुन्या चाळींची डागडुजी रखडली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामुळे मोकळ्या जमिनी घरांसाठी उपलब्ध होण्याऐवजी बव्हंशी दाव्यांत अडकून पडल्या. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला.

मग निर्देशांक वाढविला की प्रश्न सुटला, असे म्हणावे काय? मानखुर्द-गोवंडी परिसरातील काही पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या लगत उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर पुरेसा उजेड व वारा पोहोचत नाही. म्हणजे मजल्यांची संख्या वाढविताना इमारतींमधील अंतर राखणे तितकेच आवश्यक आहे. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नियमावलीत अनुज्ञेय निर्देशांकाची कमाल मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी निगडित केली आहे; बांधकाम व नागरी सोयी यांचा मेळ घालण्याचे तत्त्व त्यात दिसते.

सारांश, घरे किती उंच असावीत हा नगररचनेचा दुय्यम प्रश्न होय. प्रत्येक माणसाच्या वाट्याला किती जागा, किती प्रकाश आणि किती पाणी येते, हा पहिला. ‘दाटी’ या एका शब्दाखाली हे दोन्ही प्रश्न झाकले गेल्यास, गर्दी रोखण्यासाठी केलेला नियमच गर्दीचे कारण होऊन बसतो.