हाड जुळले, आता सायकल केव्हा?

हल्ली चाळिशी ओलांडलेल्या बायका सायकलवर दिसू लागल्या आहेत. शाळेत चालवलेली आणि लग्नानंतर जिन्याखाली गंजत पडलेली ती सायकल नव्हे हं! चांगली गिअरची सायकल, डोक्यावर हेल्मेट, आणि रविवारी पन्नास-साठ किलोमीटरची रपेट. पाहून बरे वाटते. पण सायकल आली की कधीतरी पडणेही आलेच. आणि सायकलवरून पडणाऱ्याचे हमखास मोडणारे एक हाड म्हणजे गळा आणि खांदा यांच्यामधले. जुन्या बायका त्याला हासळीचे हाड म्हणत, डॉक्टर कॉलरबोन म्हणतात.

नाशिकची माझी थोरली बहीण गेल्या डिसेंबरात अशीच पडली. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, तिच्यात जायचे म्हणून ताईची तयारी चालली होती. पहाटे रस्त्यात कुत्रे आडवे आले, आणि ताई उजव्या खांद्यावर आपटली. गळ्यात झोळी अडकवून ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हाच घरच्यांनी एक निकाल लावून टाकला: सायकल आता बंद! दुसरा निकाल कुणी तोंडाने बोलले नाही, पण तोही लागलाच होता. दुखणे जरा कमी होताच, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात, ताई परातीत कणीक घेऊन बसली, तेव्हा कुणालाच त्यात वावगे वाटले नाही.

मैत्रिणींनो, हे दोन्ही निकाल नेमके उलटे आहेत. या हाडाला सायकलीपेक्षा स्वयंपाकघराचे भय जास्त, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण जरा हाडाकडे पाहू या.

हे हाड बोटाएवढे जाड, थोडे नागमोडी. आपला अख्खा हात धडाला हाडाने जोडला गेलाय तो फक्त इथेच. बाकी सगळी स्नायूंची आणि शिरांची बांधणी. म्हणून आपण खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर आपटलो की सगळा धक्का या एवढ्याशा हाडावर येतो, आणि ते बहुधा मधोमध मोडते. त्याला प्लास्टर घालता येत नाही. पूर्वी पाठीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा आवळून बांधत. आता बहुतेक डॉक्टर साधी झोळीच देतात, कारण हाड जुळते तितकेच चांगले आणि त्रास कमी. तुकडे फार सरकले असतील, एकमेकांवर चढून हाड आखूड झाले असेल किंवा टोक कातडीला आतून टोचत असेल, तर मात्र पट्टी आणि स्क्रू बसवून शस्त्रक्रिया करतात.

मोठ्या माणसाचे हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. दुखणे मात्र दोन-तीन आठवड्यांतच पुष्कळ उतरते. सगळी फसगत होते ती इथे! दुखत नाही म्हणजे जुळले, असे नाही. मोडल्या जागी आधी मऊ सांधा धरतो, तो कडक व्हायला वेळ लागतो, आणि तो कडक झाला की नाही हे एक्स-रे सांगतो. शेजारच्या काकूंनी सांगून उपयोग नाही.

आता कणीक मळताना काय होते ते आठवून पाहा. आपण हाताने मळतच नाही, अंगाचा भार खांद्यावरून मनगटात उतरवतो. पाच लिटरचा कुकर डाळ-तांदूळ-पाण्यासकट पाच किलोंच्या घरात जातो. बादलीत पंधरा लिटर पाणी असेल तर पंधरा किलो, बादलीचे वजन वेगळेच. चादर पिळणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, दोरीवर कपडे टाकणे – ही सगळी खांद्याच्या वर हात नेण्याची किंवा पीळ देण्याची कामे. आणि पहिल्या सहा आठवड्यांत नेमके हेच करायचे नसते. चहाचा कप उचला, भाजी निवडा, मांडीवर ताट घेऊन लसूण सोला. बाकीचे घरातल्या दुसऱ्या दोन हातांना सांगा. ताईने सांगितले नाही, ती मुकाट्याने करत राहिली. शेवटी तिच्या सासूबाईच मुलावर कडाडल्या, “अरे, तिचं हाड मोडलंय, तुझं नाही ना? मग बस की पोळपाटाशी!” तेव्हापासून भावजी कणीक मळतात. पोळ्या जाड होतात म्हणे. होईनात का!

झोळीतल्या दिवसांबद्दल चार गोष्टी सांगते, कारण डॉक्टर त्या सांगत बसत नाहीत. झोपताना सपाट झोपवत नाही. पाठीशी लोड आणि उशा लावून अर्धवट बसल्यासारखे झोपावे. ब्लाउज किंवा गाऊन पुढून उघडणारा असावा. घालताना दुखरा हात आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. दुखऱ्या बाजूच्या काखेत घाम साचून कातडी सोलवटते. म्हणून अंघोळीला झोळी काढली की हात अंगालगत सैल सोडून, थोडे पुढे वाकून काख धुवावी, कोरडी करावी आणि मऊ रुमालाची घडी ठेवावी. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहावे. खांदा कधी हलवायचा ते डॉक्टर सांगतील. बहुधा वाकून उभे राहून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला सांगतात, मग भिंतीवर बोटांनी वर चढायला. हे टाळू नका. आपल्या वयात, त्यातून मधुमेह असेल तर, खांदा आखडून बसण्याची भीती जास्त असते. आणि एक कळकळीची विनंती – मोडल्या जागेवर मालीश नको! कुणी कितीही नावाजलेला असो, मोडलेले हाड चोळून जुळत नाही.

बोटांना मुंग्या येऊ लागल्या, हात गार पडला, श्वास घेताना त्रास होऊ लागला, किंवा कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, तर मात्र तडक डॉक्टर गाठावा.

आता सायकल. मागचे चाक एका लोखंडी स्टँडवर अडकवून सायकल जागच्या जागी चालवता येते. त्याला ट्रेनर म्हणतात. ताईने डॉक्टरांना विचारून चौथ्या आठवड्यात गॅलरीत ट्रेनर लावला. खांदा दुखतोय म्हणून पायांना का शिक्षा? व्यायाम सुटला की दोन-तीन आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो, आणि चाळिशीनंतर तो परत कमवायला वेळ लागतो. पण ट्रेनरवर बसण्याचीही रीत आहे. चढता-उतरताना शेजारी भक्कम स्टूल हवे आणि कुणीतरी माणूस हवे. ट्रेनरवरूनही पडता येते. हँडलवर वाकायचे नाही, पाठ ताठ ठेवून बसायचे, दुखऱ्या हातावर भार टाकायचाच नाही. सुरुवातीला वीस मिनिटे, तीही हलक्या गिअरवर. जागच्या जागी वारा लागत नाही, घामाच्या धारा लागतात, तेव्हा समोर पंखा आणि हाताशी पाणी हवेच. ताई रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळेला चालवायची. सासूबाई शेजारी बसून मालिका बघत आणि मधूनच विचारत, “किती झालं गं? त्र्यंबक आलं का?”

यात एक मोठी मेख आहे. सहा-सात आठवड्यांत पाय पूर्वीसारखे तयार होतात, आणि मग मन म्हणते, चला रस्त्यावर! पण पाय तयार असले तरी खांदा तयार नसतो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा धक्का हँडलवरून सरळ त्याच हाडात जातो. आणि अर्धे जुळलेले हाड पुन्हा पडून मोडले तर मामला अवघड होतो, पहिल्या खेपेला टळलेली शस्त्रक्रिया मग बहुधा टळत नाही. ताईचा सहाव्या आठवड्याचा एक्स-रे चांगला होता, पण डॉक्टर म्हणाले, “अजून पुरतं भरलेलं नाही.” ती रडली. बाराव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर त्यांनी मान हलवली.

तेवढ्यावरही विसंबू नये. रस्त्यावर जाण्याआधी घरच्या घरी पाहावे: दोन्ही हात कानाला लावून सरळ वर जातात का? ओट्यावर दोन्ही हात टेकून अंग पुढे-मागे करताना दुखते का? मान वळवून मागचे वाहन पाहता येते का? दुखऱ्या हाताने ब्रेक जोरात दाबता येतो का? हे शेवटचे विशेष पाहा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि ताईचा मोडलेला खांदाही उजवाच. यांतले एकही जमत नसेल तर ट्रेनर बरा.

सायकलीची तपासणीही विसरू नये. आपण पडलो तेव्हा तीही पडली होती! हँडल, पुढचा चिमटा आणि चाके मेकॅनिककडून पाहून घ्यावीत. हेल्मेट आपटले असेल तर वरून तडा दिसला नाही तरी नवे घ्यावे. एकदा मार खाल्ला की त्याचे काम संपले. पहिले काही महिने हँडल थोडे उंच करून घ्यावे म्हणजे हातांवर भार कमी येतो. टायरमध्ये हवा अगदी टणक भरू नये. गाद्यांचे हातमोजे घालावेत. पाठीवरची सॅक मात्र बंद! तिचा पट्टा बरोबर त्या हाडावरून जातो. पाणी, डबा, पंक्चरचे सामान सगळे कॅरिअरला लावावे. हाड जुळल्यावर तिथे एक गाठ राहते. पट्टी बसवली असेल तर तीही हाताला लागते. पर्सचा किंवा ब्राचा पट्टाही तिथे काचतो. मऊ कापडाची घडी ठेवली की भागते.

खेळाडू बायका लवकर परततात, हे खरे. नेदरलँड्सची मारियान फॉस मे २०१२ मध्ये शर्यतीत पडली, तिचे कॉलरबोन मोडले. जुलैच्या सुरुवातीला तिने इटलीतली अनेक दिवसांची मोठी शर्यत जिंकली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लंडन ऑलिम्पिकमध्ये रोड रेसचे सुवर्णपदक! हे वाचून ताईला भारी स्फुरण चढले होते. पण फॉस तेव्हा पंचवीस वर्षांची होती, तिच्या दिमतीला डॉक्टर होते, आणि सकाळी चौघांचे डबे तिला भरायचे नव्हते.

वयाची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. पन्नाशीच्या आसपास पाळी गेलेली असताना अगदी साध्या पडण्याने हाड मोडले, तर केवळ जुळले म्हणून गप्प बसू नका. हाडांची घनता तपासून घ्या, रक्तातले ड जीवनसत्त्व पाहून घ्या. नाचणी, तीळ, दूध-दही आपल्या घरात असतेच, फक्त ते बाईच्या ताटात सगळ्यांत शेवटी पडते.

राहिली भीती. तिचा एक्स-रे निघत नाही. ताई पहिल्या दिवशी त्या कुत्र्याच्या वळणाशी सायकल हातात धरून चालत गेली, मग परत आली. दुसऱ्या रविवारी तिथून चालवत गेली, मागे भावजी स्कूटरवर. दर आठवड्याला थोडेच अंतर वाढवले. उतारावर अजून तिचे दोन्ही हात ब्रेकवर आवळलेले असतात. घोळक्यात चाकाला चाक लावून चालवणे तिने अजून सुरू केलेले नाही, आणि तेच शहाणपणाचे. घोळक्यात एक पडली की चार पडतात. एप्रिलात ती त्र्यंबकेश्वरला जाऊन आली. यंदा वारीचा सगळा रस्ता करायचा नाही, नाशिकहून सिन्नरपर्यंत सोबत जायचे आणि परतायचे, असे तिने ठरवले आहे. सासूबाईंनी नवस बोलून ठेवलाय, कशाचा ते सांगत नाहीत.