८६ डॉलरमधून २५ लाख

ऑनलाइन पोकर स्पर्धा म्हटलं की २००३ सालचा ख्रिस मनीमेकर आठवायलाच हवा. टेनेसीचा हा अकाउंटंट पोकरस्टार्स या ऑनलाइन साइटवरची ८६ डॉलरची सॅटेलाइट (पात्रता) स्पर्धा खेळत थेट लास वेगासला, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. एरवी तिथली प्रवेश फी १०,००० डॉलर! ८३९ खेळाडूंत पहिला येऊन त्याने २५ लाख डॉलर जिंकले.

शेवटी समोर होता मुरलेला सॅम फरहा. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती. फ्लश हुकलेला, स्ट्रेटही हुकलेला, म्हणजे हाती काहीच नाही. तरीही त्याने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. हाती नव्व्यांची जोडी असून फरहाने डाव सोडला! माझ्या मते इतका देखणा ब्लफ दुसरा नाही.

पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेत २,५७६ खेळाडू उतरले. भारतात मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.