पांढऱ्या रश्श्याच्या गावातला श्रावण

आषाढात मंगळवार-शुक्रवारी कोल्हापूरच्या पेठापेठांतली मंडळी पंचगंगेचं नवं पाणी घेऊन, पी-ढबाकच्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघतात. देवीच्या पायरीवर पाणी पडतं, मग मटणाचा बेत होतो. पुढे श्रावण लागला की त्याच गल्ल्यांतल्या कित्येक घरांत मटणाचं नाव निघत नाही. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तर व्रताचं मर्म इथंच दिसतं. मटण मुळातच पाप असतं, तर देवीच्या यात्रेत त्याला जागाच मिळाली नसती. श्रावण पाळणारा पदार्थाला नावं ठेवत नाही, आपल्या जिभेला ठरल्या दिवशी थांबायला लावतो. ज्याची चटकच नाही, ते सोडण्यात कसलं आलंय व्रत? पावसाळ्यात पचन मंदावतं म्हणून हा नियम, असं एक सोयीचं उत्तर दिलं जातं. पण एकादशी दर पंधरवड्याला येते, आणि रमजान तर दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो. भर उन्हाळ्यातला निर्जळी रोजा पचनासाठी कोण धरेल? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा टोमणा मात्र रास्त आहे. शिवाय फराळातला बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. तेव्हा फराळाच्या थाळीला सनातन समजण्यात अर्थ नाही.

दारूचं गणित वेगळं आहे. उपवास सुटतो, नवरात्रात उठता-बसता धरणाऱ्याचा तर दोनच दिवसांचा. माळकऱ्याच्या दारूबंदीला मात्र पारणं नाही. बौद्ध पंचशीलात मद्य वर्ज्य का, याचं कारण त्या शीलातच आहे: त्यानं प्रमाद होतो, म्हणजे सावधपण जातं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांत उपवासाचा उल्लेख नाही, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. भैरवाला दारूचा नैवेद्य असतो, ख्रिस्ती प्रार्थनेत द्राक्षारस असतो, हे खरं. पण तिथला घोट विधीनं मोजलेला असतो. भूक लागलेल्या माणसाला आपला नेम आठवतो, उलट क्षणोक्षणी टोचतो. दारू तो नेम आठवणाऱ्या शुद्धीवरच घाला घालते. म्हणून ‘श्रावणात सोडतो की’ एवढ्यावर भागत नाही. गटारीला रिचवणाऱ्याला तर अमावास्या संपून श्रावण कधी लागला, याचाही पत्ता नसतो.