सदुसष्ट टक्क्यांचा उतारा

भारताच्या परराष्ट्र व्यवहारात तांदळाला जे वजन आहे, ते गोदामातल्या साठ्यामुळे आले आहे. अडचणीतल्या देशाला धान्य फुकट पाठवणे, निर्यात बंद असताना मित्रदेशाला ठरावीक कोटा देणे, किंवा अधिसूचना काढून निर्यातीचे दार उघडणे-मिटणे, यांतले काहीही करायचे तर आधी देशात तांदूळ शिल्लक असावा लागतो. ही शिल्लक ज्या गावांमधून उभी राहते, त्यांत भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले आसगाव येते. गोसेखुर्दचे धरण याच तालुक्यात आहे. पाणी असेल तिथे उन्हाळी धानही घेतात. पण सरकारी खरेदीचा मोठा हंगाम खरिपाचाच.

हाच देश कधीकाळी घेणाऱ्यांच्या रांगेत होता. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० या तिथल्या अन्नमदत कायद्याखाली करार झाला आणि साठच्या दशकातल्या दुष्काळात गव्हाची जहाजे वॉशिंग्टनच्या मर्जीने सुटत. त्याच दशकात, १५ सप्टेंबर १९६४ रोजी, भारताने ‘आयटेक’ ही विकसनशील देशांसाठीची प्रशिक्षण योजना सुरू केली. परदेशी मदतीचा कारभार पाहणारा स्वतंत्र विभाग परराष्ट्र मंत्रालयात २०१२ मध्ये आला. धान्य मात्र या विभागाच्या हातात नसते. ते अन्न मंत्रालयाकडे असते, आणि त्याच्याही आधी खरेदी केंद्राच्या काट्यावर.

या केंद्रावर धानाला पहिली परीक्षा ओलाव्याची. मूठभर धान मापकात घालतात. आकडा सतराच्या वर गेला तर माल परत वाळवायला न्यावा लागतो. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि पावसाचा नेम नाही, म्हणून हा आकडा शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावतो. घाईने कडक उन्हात वाळवले तर ओलावा उतरतो, पण दाण्याला आतून तडे जातात. ते तडे काट्यावर दिसत नाहीत, गिरणीत दिसतात.

गिरणीत रबरी रूळ फिरतात, फोल निघते, मग पॉलिश. तडकलेला दाणा इथे तुटतो आणि अख्ख्या तांदळाऐवजी कणी हाती येते. सरकारचा हिशेब मात्र ठाम आहे: एक क्विंटल धान दिले की ६७ किलो तांदूळ परत करायचा, आणि त्यात तुकडा २५ टक्क्यांहून जास्त नको. उसना, म्हणजे धान वाफवून भरडलेला तांदूळ असेल तर ६८ किलो. भरडाईचा केंद्राचा दर साध्या तांदळाला क्विंटलमागे १० रुपये आणि उसन्याला २०. पूर्व विदर्भातल्या गिरणीमालकांची जुनी तक्रार आहे की इथल्या धानाला एवढा उतारा पडत नाही. राज्य सरकार वरून प्रोत्साहन रक्कम देते. ती ठरायला किंवा मिळायला उशीर झाला की भरडाई अडते, गोदामे रिकामी होत नाहीत आणि पुढच्या खरेदीला जागा उरत नाही. परराष्ट्र धोरणाची सगळ्यात नाजूक कडी खरे तर ही आहे.

उसन्याची गोष्ट निराळी. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले की दाण्यातला स्टार्च घट्ट बसतो, बारीक तडे सांधले जातात आणि कोंड्यातली काही जीवनसत्त्वे आत मुरतात. हा तांदूळ कमी तुटतो आणि शिजल्यावर मोकळा राहतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारांत त्याला मोठी मागणी आहे. बेनिनसारखा छोटा देश भारताच्या मोठ्या गिऱ्हाइकांत मोडतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये अल निनोच्या दुष्काळाने होरपळलेल्या मलावी आणि झिंबाब्वेला भारताने प्रत्येकी १,००० टन तांदूळ पाठवला, झांबियाला १,३०० टन मका. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण ६७ टक्क्यांच्या उताऱ्याने १,००० टन तांदळाला सुमारे १,४९३ टन धान लागते. चाळीस किलोच्या भरतीची ३७ हजारांहून जास्त पोती. तेवढी पोती कुणीतरी शिवलेली, उचललेली, थप्पीला लावलेली असतात. तांदूळ एकदा साठ्यात मिसळला की कोणत्या गावचा, हे ओळखता येत नाही.

मदतीपेक्षा निर्यातबंदीचा परिणाम कितीतरी मोठा होता. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. २० जुलै २०२३ रोजी, भंडाऱ्यात रोवणीचे दिवस असताना, केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात किरकोळ भाव वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी चढले होते आणि पावसाची धास्ती होती. ऑगस्टच्या अखेरीस उसन्यावर २० टक्के शुल्क बसले. ज्यांना तांदूळ हवा त्यांनी सरकारी पातळीवर मागावा, अशी वाट ठेवली गेली. ऑक्टोबरमध्ये सात देशांना मिळून १०,३४,८०० टनांची परवानगी मिळाली: फिलिपिन्सला २,९५,०००, कॅमेरूनला १,९०,०००, मलेशियाला १,७०,०००, आयव्हरी कोस्ट आणि गिनीला प्रत्येकी १,४२,०००, नेपाळला ९५,००० आणि सेशेल्सला ८००. ही विक्री जानेवारी २०२३ मध्येच नोंदलेल्या राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत करायची होती.

मैत्री जपण्याचे हे साधन प्रभावी आहे, यात शंका नाही. पण त्याची किंमत दोन टोकांना मोजली गेली. जुलै २०२३ मध्येच जागतिक अन्न व कृषी संघटनेचा तांदूळ भाव निर्देशांक जवळपास बारा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. कोटा मिळालेल्या देशाची सोय झाली. न मिळालेल्या गरीब देशाने तोच तांदूळ महाग घेतला किंवा दुसरीकडे शोधला. इकडे बाहेरचा भाव चढत असताना धान उत्पादकासाठी त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. निर्यात खुली असती तर व्यापाऱ्याने यापेक्षा चार पैसे जास्त दिले असते, असे मानायला जागा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने हेक्टरी २०,००० रुपयांचा, दोन हेक्टरांपर्यंतचा बोनस जाहीर केला. बोनस दरवर्षी नव्याने मागावा लागतो. त्यावर पुढच्या हंगामाचा खर्च बेतता येत नाही.

साठे भरून वाहू लागले तेव्हा धोरण उलटे फिरले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पांढऱ्या तांदळाची निर्यात टनाला किमान ४९० डॉलरच्या अटीवर खुली झाली, ऑक्टोबरमध्ये ती अटही गेली आणि उसन्यावरचे शुल्कही. सप्टेंबर २०२२ पासून बंद असलेली तुकडा तांदळाची निर्यात मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. या प्रत्येक निर्णयाची तारीख दिल्लीत ठरली. धानाची पेरणी त्याआधी काही महिने झालेली असते, आणि पऱ्हे टाकताना शेतकऱ्याला दार उघडे मिळेल की बंद, हे सांगणारी कोणतीही सोय आजच्या व्यवस्थेत नाही.